गोळी देताना एक वाक्य सांगा : डॉक्टर, मेडिकलवाले आणि औषध प्रशासनाला खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सगळे फॅमिली डॉक्टर, मेडिकल दुकानदार
आणि अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

माझ्या वडिलांच्या डाव्या टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी (डॉक्टर तिला अ‍ॅकिलिस टेंडन म्हणतात), गेल्या श्रावणात तुटली. पाय घसरला नव्हता, ओझं उचललं नव्हतं, धावत नव्हते. मारुतीच्या देवळातून घरी आले, ओट्याची पहिली पायरी चढायला पाय उचलला आणि मागून कुणीतरी काठी मारल्यासारखं झालं म्हणून त्यांनी वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं. आई स्वयंपाकघरात होती, ती म्हणते मला फट्ट असा आवाज आला, सुकी फांदी मोडावी तसा, आणि बाहेर येऊन बघते तर हे खाली बसलेले आणि पाऊल लोंबतंय.

आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वय ६७. एसटीत कंडक्टर होते, सगळी नोकरी चालत्या गाडीत उभ्याने तोल सांभाळत केली, रिटायर झाल्यावरही पहाटे उठून देवळापर्यंत चालत जाणं कधी चुकलं नाही. दम्याचा त्रास जुना आहे, पावसाळ्यात वाढतो. त्या वेळी खोकला वाढला, कफ पिवळा पडायला लागला, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचं नाव मी इथे घेणार नाही आणि कुठेच घेणार नाही, आमच्या घराचं तीस वर्षांचं येणंजाणं आहे, आजी गेली तेव्हा रात्री दोन वाजता पायात चपला अडकवून आलेला माणूस आहे तो. त्यांनी सात दिवसांची लिव्होफ्लॉक्सासिन ५०० लिहून दिली, रोज एक, आणि दमा आटोक्यात यावा म्हणून सोबत स्टिरॉइडची गोळी. चौथ्या दिवशी आप्पांच्या दोन्ही टाचा दुखायला लागल्या. सगळ्यांना वाटलं वात आहे, पावसाळी हवा आहे. आईने तेल गरम करून चोळून दिलं. फोनवर आप्पा मला म्हणाले की या गोळ्या सुरू केल्यापासून अंग मोडून आल्यासारखं वाटतंय, बंद करू का, आणि मी पुण्यात ऑफिसात बसून त्यांना सांगितलं की आप्पा अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडायचा नसतो, रेझिस्टन्स येतो, उरलेल्या गोळ्या घ्या. त्यांनी घेतल्या. मी शिकलेली मुलगी, माझं ऐकलं त्यांनी. कोर्स संपल्यावर नवव्या दिवशी शीर तुटली.

साताऱ्याला हाडाच्या डॉक्टरांनी त्यांना पालथं झोपवलं, दोन्ही पावलं टेबलाच्या बाहेर सोडली आणि पोटऱ्या एकेक करून दाबल्या. उजवी पोटरी दाबली की उजवं पाऊल खाली वाकायचं. डावी दाबली, पाऊल जागचं हललं नाही. मग त्यांनी माझं बोट धरून टाचेच्या वर चार बोटं ठेवलं, तिथे जी जाड दोरीसारखी शीर हाताला लागते ना, तिथे खड्डा होता, बोट आत जात होतं. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला तर गेल्या महिना-दोन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली का. मी पिशवीतून स्ट्रिप काढून दिली. मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेली, त्यामुळे नावाचं फक्त शेपूट उरलेलं, "फ्लॉक्सासिन" एवढंच वाचता येत होतं. डॉक्टरांना तेवढं पुरलं. म्हणाले सोबत स्टिरॉइड होतं का. मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत, लिहायला लागले.

त्यानंतर मी महिनाभर रात्री जागून वाचत बसले. मी डॉक्टर नाही, अकाउंट्समध्ये आहे, पण कागद वाचता येतात. आणि जे वाचलं त्याने मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर हे सगळं जुनं आहे याचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००८ साली या गटातल्या, म्हणजे नावाच्या शेवटी "फ्लॉक्सासिन" येणाऱ्या (डॉक्टर या गटाला फ्लोरोक्विनोलोन म्हणतात) सगळ्या गोळ्यांवर काळ्या चौकटीतली वॉर्निंग लावायला सांगितली, त्यांच्याकडची सगळ्यात कडक वॉर्निंग. त्यात काय लिहिलंय, तर शीर सुजू शकते, तुटू शकते, आणि धोका जास्त कुणाला, तर साठीच्या पुढच्यांना, स्टिरॉइड घेणाऱ्यांना, आणि किडनी, हृदय किंवा फुप्फुसाचं ट्रान्सप्लांट झालेल्यांना. आप्पा ६७ वर्षांचे, स्टिरॉइड चालू. म्हणजे अगदी त्यांचंच वर्णन. शीर पहिल्या दोन दिवसांतही जाऊ शकते आणि गोळ्या संपल्यावर कित्येक महिन्यांनीही जाऊ शकते, सगळ्यात जास्त टाचेमागचीच जाते, हेही तिथेच लिहिलेलं आहे.

आणि ते तिथे थांबलं नाही. २०११ मध्ये मायस्थेनिया ग्रेव्हिस असणाऱ्यांसाठी वॉर्निंग आली, कारण त्यांची स्नायूंची कमजोरी याने एकदम वाढते. २०१३ मध्ये नसांबद्दल आली, हातापायाला मुंग्या, जळजळ, बधिरपणा, लवकर सुरू होतं आणि कधीकधी कायमचं राहतं. २०१६ मध्ये त्यांनी स्पष्टच सांगितलं की साधा सायनस, साधं ब्राँकायटिस आणि साधं लघवीचं इन्फेक्शन यासाठी दुसरं औषध चालत असेल तर ही गोळी देऊ नका, फायद्यापेक्षा धोका जास्त आहे. २०१८ च्या जुलैमध्ये साखर एकदम खाली जाण्याबद्दल आणि मनावरच्या परिणामांबद्दल, म्हणजे लक्ष न लागणं, बेचैनी, गोंधळ उडणं, विस्मरण. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीबद्दल, ती आधीच फुगलेली असेल तर फाटण्याचा धोका. युरोपच्या औषध यंत्रणेने तर २०१८ मध्ये ज्यांना त्रास झाला अशा पेशंटना समोर बोलावून ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की आपोआप बऱ्या होणाऱ्या किंवा सौम्य इन्फेक्शनला या गोळ्या वापरायच्या नाहीत. ज्यांना आधी एकदा यांचा गंभीर त्रास झालाय त्यांना पुन्हा द्यायच्या नाहीत, आणि म्हातारी माणसं, किडनीचे पेशंट यांना जपून, स्टिरॉइडसोबत शक्यतो नाहीच. ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये याहून पुढे जाऊन सांगितलं की दुसरं कुठलंच योग्य औषध नसेल तरच.

म्हणजे मी फोनवर आप्पांना "कोर्स पूर्ण करा" सांगितलं तेव्हा जगात सगळीकडे छापलेलं होतं की टाच दुखली तर पुढची गोळी घेऊ नका, पाय वापरू नका, डॉक्टरांना फोन करा. फक्त ते साताऱ्यातल्या आमच्या घरापर्यंत आलेलं नव्हतं.

हे वाचून कुणी म्हणेल की ताई, लाखो लोक सिप्रो, म्हणजे याच गटातली सिप्रोफ्लॉक्सासिन खातात, कुणाला काही होत नाही. खरं आहे, बहुतेकांना काही होत नाही, शीर तुटणं दुर्मिळ आहे, मला ते मान्य आहे. पण आपल्याकडे या गोळ्या जितक्या खाल्ल्या जातात त्याचा विचार करा ना. पोट बिघडलं, ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल. लघवीला जळजळ, नॉरफ्लॉक्सासिन नाहीतर सिप्रो. ताप चार दिवस टिकला, टायफॉइड असेल, ओफ्लॉक्सासिन. आमच्या घरात कपाटाच्या खणात या गोळ्यांच्या अर्ध्या स्ट्रिपा कायम असायच्या, पाहुणा आला आणि वडापाव खाऊन त्याला जुलाब लागले तर आई पाण्याच्या ग्लासासोबत एक गोळी काढून द्यायची, प्रेमाने द्यायची. मीही घेतल्यात. कुठल्याच डॉक्टरकडे न जाता, काउंटरवर उभं राहून "जुलाबाच्या दोन द्या" म्हणून. बहुतेक जुलाबाला ओआरएस आणि दोन दिवसांचा दम लागतो, अँटिबायोटिक लागतच नाही. आणि टायफॉइडचं म्हणाल तर आपल्या देशातला टायफॉइडचा जंतू सिप्रोला कधीचाच दाद देईनासा झालाय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुर्मिळ धोका असलेली गोळी गरज नसताना एवढ्या घरांत वाटली तर तो धोका कुठल्या ना कुठल्या ओट्यावर जाऊन बसणारच.

आईचं सांगते. आईला डायबिटीस, ग्लिमेपिराइड चालू. याच गटातली गॅटिफ्लॉक्सासिन नावाची गोळी होती, ती साखर इतकी वरखाली करायची की आपल्या केंद्र सरकारने मार्च २०११ मध्ये तिच्या पोटात घ्यायच्या गोळ्या आणि इंजेक्शन दोन्हींवर बंदी घातली. बंदी घालता येते आपल्याला, घातलेली आहे. पण बाकीच्या भावंडांनीही साखर खाली जाऊ शकते, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर, हे आईला जुलाबाच्या गोळ्या देताना आजवर एकाही माणसाने सांगितलेलं नाही. मागे एकदा जुलाबात ती घामाघूम होऊन पडली होती, आम्ही म्हटलं अशक्तपणा. तो अशक्तपणाच होता की आणखी काही, हे आता कुणाला सांगता येणार नाही.

तसंच मान आखडली म्हणून टिझानिडीन चालू असेल तर सोबत सिप्रो द्यायचीच नाही असा नियम आहे, रक्तदाब धाडकन खाली येतो आणि झापड येते. दम्याला थिओफायलिन चालू असेल तर सिप्रोने त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, उलट्या, धडधड, फिट येण्यापर्यंत जातं. टिझानिडीन आपल्याकडे कंबरदुखीला किती सहज दिली जाते ते बघा. हाडाच्या डॉक्टरांकडचा कागद वेगळा, जनरल डॉक्टरांकडचा वेगळा, आणि दोन्ही गोळ्या एकाच डब्यात. हे पकडू शकणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे मेडिकलच्या काउंटरमागचा फार्मासिस्ट. म्हणून या पत्रात मी तुम्हाला डॉक्टरांच्या बरोबरीने बसवलंय.

मी बंदी मागत नाहीये हे स्वच्छ सांगते. मला माहितीय या गोळ्यांवर कुणाकुणाचा जीव अवलंबून आहे. किडनीपर्यंत गेलेलं इन्फेक्शन, प्रोस्टेटचं इन्फेक्शन, हॉस्पिटलातले काही चिवट जंतू, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टीबी. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत लिव्होफ्लॉक्सासिन नाहीतर मॉक्सिफ्लॉक्सासिन हा कणा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने सहा महिन्यांचा जो नवा उपचार मंजूर केला त्यातल्या चार औषधांपैकी एक मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी जवळजवळ सगळ्याच औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या केसेस समोर आणल्या तेव्हा केवढी खळबळ झाली होती ते आठवत असेल. आणि याच महाराष्ट्रात आपण साध्या खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन देतो. तो खोकला टीबीचा असेल तर पेशंटला आठ दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाही, निदान लांबतं, तेवढ्यात घरातल्या चार जणांना लागण होते, आणि जंतू या गोळीला ओळखायला शिकतो. मग खरी गरज पडते तेव्हा गोळी बोथट. माझा राग आप्पांच्या टाचेपासून सुरू झाला हे खरं आहे, पण वाचता वाचता मला कळलं की पाय आणि फुप्फुस, दोन्हीकडे चूक तीच आहे. राखीव औषध रोजच्या भाकरीसारखं वाटलं जातंय. जागतिक आरोग्य संघटनेने हा अख्खा गट "वॉच" म्हणजे नजर ठेवून वापरायच्या यादीत टाकलाय, आणि आपल्याकडे तो खणात बामाच्या बाटलीशेजारी पडलेला असतो.

डॉक्टरांना माझं सांगणं एवढंच. तुमच्यावर आमचाच दबाव असतो, मला माहीत आहे. पेशंटच म्हणतो स्ट्राँग काहीतरी द्या, उद्या कामावर जायचंय, आणि तुम्ही नाही दिली तर पुढच्या चौकात जाऊन घेतो. तरीपण साठीच्या पुढचा माणूस समोर बसलाय, स्टिरॉइड देताय, तर त्या दिवशी दुसरं काही चालेल का एवढा एक मिनिट विचार करा. आणि द्यायचीच असेल, दुसरा इलाजच नसेल, तर द्या, पण गोळी देताना एक वाक्य सांगा. एकच. "टाच, खांदा, कुठलाही सांधा दुखायला लागला तर पुढची गोळी घेऊ नका, मला फोन करा." हे बोलायला पाच सेकंद लागतात, मी मोजून बघितलंय. आप्पा कंडक्टर होते, सूचना पाळणारा माणूस, त्यांनी शंभर टक्के फोन केला असता. चौथ्या दिवशी दुखायला लागलं होतं आणि शीर त्यानंतर बारा दिवसांनी तुटली. मधले हे सगळे दिवस हातात होते.

मेडिकलवाल्यांना विनंती आहे की स्ट्रिप कापून देऊ नका, आणि द्यावी लागली तर नाव आणि एक्स्पायरी असलेला भाग पेशंटकडे जाईल अशी कापा. माहितीचा जो घडीचा कागद असतो तो तुमच्याकडच्या खोक्यात राहतो आणि खोक्याबरोबर रद्दीत जातो. तो तसाही इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात असतो. स्ट्रिपच्या मागे लाल पट्टी असते, २०१६ मध्ये केंद्राने त्याची मोहीम काढली होती की लाल पट्टी म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. आमच्या गल्लीत दहा जणांना विचारलं, एकालाही त्या पट्टीचा अर्थ माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता.

आणि औषध प्रशासनाच्या साहेबांना. लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. म्हणजे दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. कायदा चांगला आहे. पण तुमचे इन्स्पेक्टर एकदा साध्या कपड्यांत कुठल्याही तालुक्याच्या स्टँडसमोरच्या दुकानात जाऊन चिठ्ठीशिवाय मागून बघा ना, काय होतं ते. २०१४ च्या त्या ४६ औषधांच्या यादीत सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ओफ्लॉक्सासिन नव्हत्या, म्हणजे घरोघरी सगळ्यात जास्त असलेल्या याच दोन बाहेर. यादी दिल्लीत ठरते हे मला कळतं, पण महाराष्ट्राने लेखी शिफारस करायला कुणाची आडकाठी आहे? आणि मराठीतली माहितीची चिठ्ठी छापून प्रत्येक मेडिकलला द्यायला तर कुणाचीच नसावी. मजकूर मी लिहून देते, डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि वापरा, माझं नाव नको :

"ही गोळी चालू असताना किंवा संपल्यावर काही महिन्यांपर्यंत टाच, खांदा, मनगट किंवा सांधा दुखला, सुजला, हातापायाला मुंग्या किंवा जळजळ झाली, झोप उडाली, मन सैरभैर झालं, तर चालू गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. दुखरा भाग चोळू नका, त्यावर भार देऊ नका. छातीत, पोटात किंवा पाठीत एकदम जोराची कळ आली तर थेट हॉस्पिटल गाठा. डायबिटीसची गोळी चालू असेल तर साखर तपासत राहा. दूध, अँटासिड, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या हिच्यासोबत घेऊ नका."

शेवटची ओळ यासाठी की अँटासिड किंवा लोह-कॅल्शियम सोबत घेतलं की, आणि सिप्रो, नॉरफ्लॉक्सासिनच्या बाबतीत दुधानेही, गोळी पोटातच बांधली जाते, नीट लागू पडत नाही, मग माणूस म्हणतो फरक नाही, अजून पाच दिवस लिहून द्या. आईने आप्पांना दुधाबरोबरच दिल्या होत्या, पोटाला त्रास नको म्हणून.

आणखी एक. औषधाचा त्रास झाला तर कळवायची सोय आपल्या देशात २०१० पासून आहे, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम म्हणतात, गाझियाबादला ऑफिस आहे, १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर आहे आणि पेशंट स्वतः फॉर्म भरू शकतो. आमच्या पूर्ण प्रवासात, डॉक्टर, हॉस्पिटल, फिजिओ, मेडिकल, कुणीही आम्हाला हे सांगितलं नाही. मला ते रात्री दीड वाजता मोबाईलवर सापडलं. फॉर्म भरला, स्ट्रिपचा फोटो काढला, पण बॅच नंबर लिहायच्या रकान्यात मला काही लिहिता आलं नाही, कारण तो कापलेल्या अर्ध्या भागावर दुकानात राहिला होता. कळवणारंच कुणी नसेल तर कागदावर हा त्रास आपल्याकडे होतच नाही असंच दिसणार.

आप्पांचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे प्लास्टर, मग तो बूट, मग फिजिओ. आता काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. उजवी टाच अजून सकाळी ताठरते, त्यामुळे तीही जाईल की काय म्हणून ते पाऊल टाकताना खाली बघतात, तिकिटं फाडताना कधी खाली न बघणारा माणूस. मागच्या आठवड्यात आमचे ते डॉक्टर घरी येऊन बसले होते. मी त्यांना हे सगळे कागद दाखवले. चष्मा लावून त्यांनी एकेक वाचला, चहा गार झाला. मग आप्पांच्या टाचेवरून हात फिरवला आणि मला म्हणाले याच्या झेरॉक्स दे, आमच्या तालुक्याच्या मीटिंगला नेतो. मी दिल्यात.

तुमच्या उत्तराची वाट बघते.

कळावे,
आप्पांची धाकटी मुलगी

ता.क. जी मंडळी आत्ता यातली एखादी गोळी घेतायत त्यांनी हे वाचून नुसत्या भीतीने मनानेच बंद करू नका, विशेषतः टीबीच्या पेशंटनी तर अजिबात नको. काही दुखत-खुपत असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, "या गोळीनं होतंय का" असं सरळ विचारा, आणि पूर्वी असा त्रास झालेला असेल तर आधारकार्डाच्या मागे चिकटवून ठेवा गोळीचं नाव.